मधुमेही हृदयाची ऊर्जा मोजताना आकडे का जुळत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. पीएचडी संपवून नुकतेच मधुमेहातल्या हृदयविकारावर काम सुरू केलेल्या एका संशोधकाने डीबी/डीबी या जनुकदोषामुळे मधुमेही होणाऱ्या उंदरांच्या हृदयातून मायटोकॉन्ड्रिया (पेशीत ऊर्जा तयार करणारे भाग) वेगळे केले. पायरुव्हेट-मॅलेटवर (ग्लुकोजपासून बनणारे इंधन आणि त्याचा जोडीदार) त्यांचे श्वसन, म्हणजे ऑक्सिजन वापरण्याचा वेग, कंट्रोलपेक्षा (निरोगी तुलना-गटापेक्षा) साधारण २० टक्के कमी आले. पण एच९सी२ या प्लेटमध्ये वाढवलेल्या हृदयपेशींना जास्त ग्लुकोज देऊन सीहॉर्सवर (पेशींचा ऑक्सिजन-वापर मोजणाऱ्या यंत्रावर) मोजले तर काहीच फरक नाही, आणि ऊतीतला एटीपी (पेशीचे ऊर्जेचे चलन) दोन्ही गटांत सारखाच. यातले खरे काय धरायचे आणि पुढचे प्रयोग कसे लावायचे?

तिन्ही आकडे एकाच वेळी बरोबर असू शकतात, कारण तिन्ही वेळा वेगळीच गोष्ट मोजली गेली आहे. वेगळे केलेले मायटोकॉन्ड्रिया आपली कमाल क्षमता दाखवतात. ऊतीतला एटीपी त्या क्षणी शिल्लक असलेला साठा दाखवतो. एच९सी२ पेशी प्लेटमध्ये वाढताना लागलेल्या त्यांच्या सवयी दाखवतात. धडधडत्या हृदयात दर मिनिटाला कोणते इंधन किती जळते, हे यातल्या एकाही प्रयोगाने विचारलेले नाही. क्षमता, साठा आणि प्रवाह या तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की या विषयातला निम्मा गोंधळ संपतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

एटीपी सारखा का आला ते आधी. हृदयातला एटीपीचा सगळा साठा साधारण १० सेकंदांत पुरा बदलतो. उत्पादन जरा मागे पडले तर साठा लगेच आटायला हवा, पण तसे होत नाही. क्रिएटिन कायनेज हे एन्झाइम फॉस्फोक्रिएटिन या राखीव साठ्याकडचा फॉस्फेट उचलून एटीपी भरत राहते. त्यामुळे ताण आला की आधी फॉस्फोक्रिएटिन घटते, मोकळा एडीपी (एटीपी खर्च झाल्यावर उरणारा रेणू) वाढतो, आणि एटीपी बराच काळ जागच्या जागी राहतो. एटीपी ३० ते ४० टक्क्यांनी उतरायला हृदय निकामी होण्याची प्रक्रिया खूप पुढे जावी लागते. म्हणून बघायचे ते फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपी यांचे गुणोत्तर. निरोगी माणसाच्या हृदयात फॉस्फरस-३१ स्पेक्ट्रोस्कोपीने ते २च्या आसपास येते. टाइप-२ मधुमेहात हृदयाचे आकुंचन अजून नॉर्मल असतानाही ते उतरलेले सापडले आहे. स्टीफन नॉयबाउर यांच्या गटाने १९९७ मध्ये डायलेटेड कार्डिओमायोपथीच्या (हृदय फुगून कमजोर होण्याच्या आजाराच्या) रुग्णांत दाखवले की हे गुणोत्तर १.६च्या खाली असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण जास्त होते. पेशींवर ल्युसिफरेज किट (प्रकाशावरून एटीपी मोजणारे) वापरून येणारा एटीपीचा आकडा मात्र बहुतांशी किती पेशी जिवंत आहेत एवढेच सांगतो. त्याला ऊर्जेची स्थिती म्हणू नका.

आता इंधन. निरोगी हृदय आपल्या एटीपीचा ६० ते ७० टक्के वाटा मेदाम्लांपासून मिळवते आणि बाकीचा ग्लुकोज, लॅक्टेट, थोडे कीटोन यांच्यापासून. फिलिप रँडल आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेले ग्लुकोज-मेदाम्ल चक्र इथे रोज कामाला येते. मेदाम्ले जास्त जळू लागली की मायटोकॉन्ड्रियात असेटिल-कोए आणि एनएडीएच हे इंधन जळताना बनणारे रेणू साचतात, त्याने पीडीएच कायनेज हे एन्झाइम जोर धरते, पायरुव्हेट डीहायड्रोजनेजवर (पायरुव्हेटला ज्वलनात ढकलणारे एन्झाइम, म्हणजेच पीडीएच) फॉस्फेट चढतो आणि पायरुव्हेटची वाट अरुंद होते. मधुमेहात याच्या जोडीला पीपीएआर-अल्फामुळे (मेदाम्लांशी संबंधित जनुके चालू करणारे प्रथिन) पीडीके४ची, म्हणजे त्याच कायनेजच्या एका प्रकाराची, निर्मितीच वाढते, ग्लुकोज आत नेणारा ग्लुट४ कमी होतो आणि मेदाम्ले आत घेणारा सीडी३६ पेशीच्या पडद्यावर ठाण मांडतो. परिणामी रक्तात साखर भरपूर असूनही हृदय मेदाम्लांवर चालते. तेवढाच एटीपी मेदाम्लांपासून बनवायला ग्लुकोजपेक्षा १० ते १२ टक्के जास्त ऑक्सिजन लागतो. मधुमेही हृदयाच्या कार्यक्षमतेतली घट बहुधा याहून मोठी असते, म्हणजे बाकीचा हिशेब अनकपलिंग (ऑक्सिजन खर्च होतो पण एटीपी बनत नाही अशी गळती) आणि कॅल्शियम हाताळण्यावरच्या खर्चात शोधावा लागतो.

हे डोक्यात ठेवले तर पायरुव्हेटवरची २० टक्के घट एकट्याने किती कमी सांगते ते कळेल. तोच मायटोकॉन्ड्रियाचा नमुना पामिटॉइलकार्निटिनवर (जाळायला तयार असलेल्या मेदाम्लाच्या रूपावर) काय करतो, हे कळल्याशिवाय तिचा अर्थ लावता येत नाही.

प्राणी आणि त्यांची सकाळ

मॉडेल निवडताना ते कोणत्या मधुमेहाचे आहे हे स्पष्ट हवे. स्ट्रेप्टोझोटोसिन (इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारणारे रसायन) म्हणजे इन्सुलिनच नसलेली, टाइप-१सारखी अवस्था. उंदरांत नेहमीचा डोस ५० मिलिग्रॅम प्रति किलो, पोटात, सलग ५ दिवस. सायट्रेट बफर पीएच ४.५चाच हवा आणि द्रावण टोचण्याआधी १० ते १५ मिनिटांत तयार केलेले हवे, नाहीतर औषध बाटलीतच विघटित होते आणि अर्धे उंदीर मधुमेही होतात, अर्धे नाहीत. माद्यांवर ते कमी चालते. डीबी/डीबी हे लेप्टिन या भूक आवरणाऱ्या संप्रेरकाच्या रिसेप्टरचे म्युटेशन आहे, त्यामुळे दिसणारा प्रत्येक बदल मधुमेहाचाच असे म्हणता येत नाही. कंट्रोल म्हणून त्याच पिलावळीतले लीन भाऊ घ्या, दुसऱ्या पिंजऱ्यातले किंवा दुसऱ्या जातीचे नकोत.

उच्च-मेद आहार देणार असाल तर कंट्रोलला साधा दाणा देऊ नका. ६० टक्के ऊर्जा मेदातून देणाऱ्या शुद्ध घटकांच्या आहाराला जोड म्हणून १० टक्के मेदाचा, पण तेवढीच साखर असलेला शुद्ध आहारच हवा. आकुंचन शाबूत असलेल्या हार्ट फेल्युअरसाठी २०१९ मध्ये पुढे आलेले मॉडेल, म्हणजे उच्च-मेद आहार आणि पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.५ ग्रॅम एल-नेम (नायट्रिक ऑक्साइड बनणे अडवून रक्तदाब वाढवणारे रसायन), आज बऱ्याच लॅबमध्ये चालते. तिथे एक अडचण हमखास येते. सी५७बीएल/६जे या सर्रास वापरल्या जाणाऱ्या जातीच्या उंदरांत एनएनटी या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. त्याचे एन्झाइम मायटोकॉन्ड्रियातला एनएडीपीएच (ऑक्सिडेटिव्ह ताणापासून वाचवणारा रेणू) पुरवते. तिच्या जवळच्या ६एन जातीच्या उंदरांत ते शाबूत असते. नॉकआउट (एखादे जनुक काढून टाकलेले) उंदीर एका पार्श्वभूमीवर आणि कंट्रोल दुसरीवर असेल तर ऑक्सिडेटिव्ह ताणाचा जो फरक दिसेल तो आजाराचा नसून जातीचा असू शकतो. उंदीर मागवतानाच ६जे की ६एन ते लेखी विचारून घ्या आणि शेपटीच्या डीएनएवर एकदा एनएनटीची पीसीआर करा.

उपाशी ठेवण्याबद्दल ठाम मत आहे: रात्रभर उपास नको. उंदराचे चयापचय इतके वेगवान असते की एका रात्रीत कंट्रोल उंदराचे हृदयही मेदाम्लांवर येते आणि त्याचा पीडीके४ वाढतो. म्हणजे मधुमेहाने केलेला बदल उपासाने कंट्रोलमध्येही घडवला, आणि फरक गायब. सगळ्यांना अन्न ठेवा, किंवा सकाळी ४ ते ६ तास काढा, पण दोन्ही गटांना एकच नियम लावा. हृदये रोज त्याच वेळेच्या पट्ट्यात काढा. आयसोफ्लुरेनने रक्तातले ग्लुकोज चढते, त्यामुळे ग्लुकोज भूल देण्याआधी शेपटीतून मोजा.

मायटोकॉन्ड्रिया काढताना

उंदराचे हृदय १२० ते १५० मिलिग्रॅमचे. त्यातून जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम मायटोकॉन्ड्रियल प्रथिन मिळते, म्हणून वाया घालवायला काही नसते. बफर असा: मॅनिटॉल २२० मिलिमोलर, सुक्रोज ७०, हेपेस १०, ईजीटीए १, मेदाम्लमुक्त बीएसए (मेदाम्ले धरून ठेवणारे गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन प्रथिन) ०.२ टक्के, पीएच ७.४. हेपेसऐवजी ट्रिस वापरत असाल तर पीएच थंड असतानाच जुळवा, कारण ट्रिस गार झाला की पीएच वर सरकतो.

हृदय थेट बर्फासारख्या गार बफरमध्ये टाका, अलिंदे कापा, रक्त दाबून काढा, टिपून वजन घ्या आणि कात्रीने १ मिलिमीटरचे तुकडे करा. हे सगळे दोन मिनिटांत उरकायला हवे. तुकडे बफरने लालसरपणा जाईपर्यंत धुवा. काच आणि टेफ्लॉनच्या पॉटर होमोजिनायझरमध्ये सावकाश ८ ते १० फेऱ्या द्या. दांडा वर ओढताना खाली पोकळी तयार होऊन फेस आला तर तुम्ही फार जोरात ओढत आहात, आणि बाहेरचे पडदे तिथेच फाटतात. मग सेंट्रिफ्यूजमध्ये ४ अंशांवर ८०० जीला (गुरुत्वाच्या ८०० पटीला) १० मिनिटे. वरचा द्रव नव्या नळीत घेऊन ८,००० जीला १० मिनिटे.

आता पेलेटकडे (तळाशी बसलेल्या गोळ्याकडे) नीट बघा. खाली तपकिरी, घट्ट थर असतो, ते तुमचे मायटोकॉन्ड्रिया. त्याच्यावर फिकट, हलणारा, ढगासारखा थर असतो, तो तुटके पडदे आणि खराब झालेला माल. दोन थेंब बफर टाकून नळी हलकेच गोल फिरवली की तो सुटतो, तो टाकून द्या. तळाशी मध्यभागी गडद लाल ठिपका दिसला तर रक्त धुतले गेलेले नाही. पेलेट टोक कापलेल्या टिपने किंवा मऊ ब्रशने बफरमध्ये सैल करून मिसळा, बुडबुडे नकोत. शेवटचे धुणे बीएसए नसलेल्या बफरमध्ये करा. हे टाळले तर ब्रॅडफर्ड किंवा बीसीए ही प्रथिन मोजणारी चाचणी बीएसएलाच मायटोकॉन्ड्रियल प्रथिन समजते, आणि ज्या नळीत बीएसए जास्त राहिला तिचे प्रति-मिलिग्रॅम श्वसन खोटेच कमी दिसते. शेवटी १०० मायक्रोलिटर किंवा त्याहून कमी द्रवात ठेवा. दाट ठेवलेले मायटोकॉन्ड्रिया बर्फावर तीनेक तास टिकतात, पातळ केलेले लवकर बिघडतात.

अशा साध्या होमोजिनायझेशनमध्ये मुख्यतः पेशीपडद्याखालचे मायटोकॉन्ड्रिया बाहेर पडतात. स्नायुतंतूंच्या मधले ८०० जीच्या पेलेटमध्येच अडकून राहतात आणि ते सोडवायला नागार्स किंवा ट्रिप्सिन हे प्रथिने तोडणारे एन्झाइम लागते. दोन्ही गट मधुमेहात सारखे बिघडत नाहीत, त्यामुळे तुम्ही कोणता गट मोजला हे लेखात लिहावेच लागेल. हा फरक टाळायचा असेल तर सॅपोनिनने पेशीपडद्याला छिद्रे पाडलेले तंतू हा चांगला मार्ग आहे: मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम सॅपोनिन, बर्फावर ३० मिनिटे, मग धुऊन १ ते २ मिलिग्रॅम ओल्या वजनाचे तंतू श्वसन मोजण्याच्या एका कक्षात. तंतूंच्या आत ऑक्सिजन सावकाश शिरतो, म्हणून कक्षातला ऑक्सिजन हवेच्या पातळीच्या वर, साधारण २०० ते ४०० मायक्रोमोलर ठेवा. तो खाली गेला की तुम्ही श्वसनाऐवजी ऑक्सिजनचे विसरण (आत झिरपणे) मोजू लागता.

कक्षातला क्रम

२ मिलिलिटरचा कक्ष, ३७ अंश, मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम प्रथिन. म्हणजे एका फेरीला २०० मायक्रोग्रॅम, आणि एका हृदयातून पाच ते आठ फेऱ्या. पहिल्या फेरीत पायरुव्हेट ५ मिलिमोलर आणि मॅलेट २. दुसऱ्या फेरीत ग्लुटामेट १० आणि मॅलेट २. तिसऱ्या फेरीत पामिटॉइलकार्निटिन २५ मायक्रोमोलर आणि मॅलेट ०.५ मिलिमोलर. चौथ्या फेरीत आधी रोटेनोन (श्वसनसाखळीतले कॉम्प्लेक्स १ अडवणारे) ०.५ मायक्रोमोलर, मग सक्सिनेट (कॉम्प्लेक्स २मधून शिरणारे इंधन) १० मिलिमोलर. रोटेनोनशिवाय सक्सिनेट दिले तर ऑक्झॅलोअसिटेट साचून सक्सिनेट डीहायड्रोजनेजच दबते. पामिटॉइलकार्निटिनबरोबर मॅलेट नसेल तर असेटिल-कोए पुढे जायला जागा राहत नाही, आणि पामिटॉइलकार्निटिन जास्त झाले तर ते साबणासारखे पडदा विरघळवते. पायरुव्हेटचे द्रावण त्याच दिवशी बनवा. एडीपीच्या स्टॉकचा पीएच ७ला आणलेला असावा.

०.२५ मिलिमोलर एडीपी दिल्यावर वेग चढतो आणि एडीपी संपल्यावर उतरतो. पायरुव्हेटवर तेवढ्या एडीपीला सुमारे ५० मायक्रोमोलर ऑक्सिजन लागतो, म्हणजे कक्षातला जवळपास चौथा हिस्सा. चढलेला वेग भागिले उतरलेला वेग म्हणजे श्वसन-नियंत्रण गुणोत्तर. हृदयाच्या चांगल्या मायटोकॉन्ड्रियांत ग्लुटामेट-मॅलेटवर ते ६च्या वर असावे. कंट्रोलमध्येच ४च्या खाली आले तर त्या दिवसाचा माल फेका, आजाराबद्दल काही बोलू नका. सक्सिनेटवर ते मुळातच कमी येते. त्यानंतर भरपूर एडीपी, मग सायटोक्रोम सी १० मायक्रोमोलर. त्याने वेग १० टक्क्यांहून जास्त वाढला तर बाहेरचा पडदा फाटलेला आहे. पुढे ऑलिगोमायसिन (एटीपी सिंथेज अडवणारे), मग एफसीसीपी (मुद्दाम अनकपलिंग करणारे) ०.५ मायक्रोमोलरच्या टप्प्यांनी वेग वाढायचा थांबेपर्यंत, आणि शेवटी अँटिमायसिन ए (कॉम्प्लेक्स ३ अडवणारे) २.५ मायक्रोमोलर. अँटिमायसिननंतर उरलेला ऑक्सिजन-वापर सगळ्या वेगांतून वजा करा. एडीपी संपल्यावरचा वेग ऑलिगोमायसिनच्या वेगापेक्षा बराच जास्त असेल तर नमुन्यात स्नायुतंतूंचे एटीपीएज आले आहे आणि ते एटीपीचा पुन्हा एडीपी करत बसले आहे.

उत्तर वाचायचे ते चारही फेऱ्या शेजारी ठेवून. फक्त पायरुव्हेटवर घट आणि ग्लुटामेट ठीक, तर संशय पायरुव्हेट डीहायड्रोजनेजवर किंवा पायरुव्हेटच्या वाहकावर. पायरुव्हेट आणि ग्लुटामेट दोन्हींवर घट, सक्सिनेट ठीक, तर कॉम्प्लेक्स १ किंवा एनएडीएचचा पुरवठा. सगळीकडे घट, पण एफसीसीपीने वेग पूर्ण परत आला, तर साखळी ठीक आहे, अडथळा एटीपी सिंथेज किंवा एडीपी-एटीपी वाहकाशी. एफसीसीपीनेही परत आला नाही तर कॉम्प्लेक्स ३, ४ किंवा मुळात अशुद्ध नमुना, टीएमपीडी ०.५ मिलिमोलर आणि अस्कॉर्बेट २ (कॉम्प्लेक्स ४कडे इलेक्ट्रॉन पोहोचवणारी जोडी) देऊन कॉम्प्लेक्स ४ तपासा. टीएमपीडी स्वतःहूनही ऑक्सिडाइज होते, ते अझाइड देऊन वजा करायचे.

पायरुव्हेट डीहायड्रोजनेजबद्दल एक खबरदारी. वेगळे करण्याच्या तासाभरात आणि एडीपी दिल्यावर त्याच्यावरचा फॉस्फेट उतरू शकतो. म्हणून शरीरात हे एन्झाइम दाबलेले असूनही कक्षात ते बरेच मोकळे झालेले दिसते. त्याची खरी स्थिती बघायची तर गोठवलेल्या ऊतीत ई१-अल्फाच्या सेरीन-२९३वरचा फॉस्फेट बघा.

बीएसएचा दुसरा परिणाम याहून गंभीर आहे आणि तो फार लोक विसरतात. मधुमेही हृदयातले अनकपलिंग पुष्कळदा मेदाम्लांनी घडवलेले असते. कक्षाच्या माध्यमात बीएसए असेल तर तो ती मेदाम्ले शोषून घेतो, आणि तुम्हाला दोन्ही गट सारखेच घट्ट जुळलेले दिसतात. गळती हा तुमचा प्रश्न असेल तर तीच फेरी बीएसएसह आणि बीएसएशिवाय अशी दोनदा करा. दोन्हींमधला फरक हाच तुमचा निष्कर्ष.

आणि धुणे. रोटेनोन, ऑलिगोमायसिन, अँटिमायसिन, एफसीसीपी ही सगळी तेलकट स्वभावाची रसायने कक्षाच्या भिंतीला, बुचाला, ढवळणीला चिकटतात. पाण्याने ती जात नाहीत. प्रत्येक फेरीनंतर पाणी, मग ७० टक्के इथेनॉल, मग शुद्ध इथेनॉल काही मिनिटे ठेवून पुन्हा पाणी. रोज कंट्रोल आधी आणि मधुमेही नंतर मोजत असाल तर उरलेले रोटेनोन दुसऱ्या नमुन्यातच कॉम्प्लेक्स १ दाबेल, आणि ते अगदी मधुमेहासारखे दिसेल. तुमच्या २० टक्के घटीबाबत सर्वात आधी हेच तपासा: वहीत कोणत्या दिवशी कोणता गट आधी मोजला ते बघा. क्रम उलटवल्यावर घट टिकली तरच पुढे जा.

प्रति मिलिग्रॅम मायटोकॉन्ड्रियल प्रथिन आणि प्रति मिलिग्रॅम ऊती असे दोन्ही आकडे द्या, जोडीला ऊतीतले सायट्रेट सिंथेज (मायटोकॉन्ड्रिया किती आहेत याचे माप). मधुमेहात मायटोकॉन्ड्रियांची संख्या वाढून प्रत्येकाचे काम घटलेले असू शकते, आणि एकच भाजक वापरला तर हे दिसत नाही.

पेशी आणि सीहॉर्स

एच९सी२ ही रॅटच्या (मोठ्या जातीच्या उंदराच्या) भ्रूणातल्या हृदयाची मायोब्लास्ट (अपक्व स्नायुपेशींची) पेशीरेषा. ती धडधडत नाही, ग्लुकोजवर जगते, आणि नेहमीच्या हाय-ग्लुकोज माध्यमात ती आधीच २५ मिलिमोलरमध्ये वाढलेली असते. म्हणजे रक्तात डेसिलिटरला ४५० मिलिग्रॅम. तिला आणखी ग्लुकोज दिल्यावर फरक न पडणे हेच अपेक्षित आहे. पेशी निदान दोन आठवडे ५.५ मिलिमोलरवर वाढवा, तुलनेसाठी मॅनिटॉलने ऑस्मोलॅरिटी जुळवलेला कंट्रोल ठेवा, आणि मेदाम्लांशिवाय मधुमेहाचे नाव घेऊ नका.

पामिटेट-बीएसए बनवण्याची रीत: मेदाम्लमुक्त बीएसए १.१३ ग्रॅम, १५० मिलिमोलर मिठाच्या पाण्यात ५० मिलिलिटरला, ३७ अंशांवर. हे ०.३४ मिलिमोलर होते. वेगळ्या काचपात्रात सोडियम पामिटेट २७.८ मिलिग्रॅम त्याच मिठाच्या ४० मिलिलिटरमध्ये, ७० अंशांवर, पूर्ण स्वच्छ होईपर्यंत. गरम पामिटेट ढवळत्या बीएसएमध्ये थोडे थोडे सोडा, तासभर ३७ अंशांवर ढवळा, पीएच ७.४, एकूण १०० मिलिलिटर. १ मिलिमोलर पामिटेट आणि ०.१७ बीएसए झाले. ते गढूळ दिसले तर पामिटेट सुटे आहे, ते वापरू नका. काचेच्या कुप्यांत उणे २०वर ठेवा, वितळलेले पुन्हा गोठवू नका. कंट्रोलला त्याच लॉटचा तेवढाच बीएसए हवा. हे ६ला १ प्रमाण मेदाम्ल-ऑक्सिडेशनच्या छोट्या चाचणीला ठीक आहे, पण रात्रभराच्या उपचाराला फार आहे. रक्तात हे प्रमाण साधारण १च्या आसपास असते आणि वाईट अवस्थेत २ ते ३. ६ला १ने पेशी मरतात आणि मग ते लिपोटॉक्सिसिटी (मेदाचा विषारी परिणाम) म्हणून छापले जाते. रात्रभराला २ला १ किंवा ३ला १, शक्यतो ओलिएट या असंतृप्त मेदाम्लाबरोबर.

सीहॉर्सवर बायकार्बोनेट नसलेले माध्यम, कार्बन डायऑक्साइड नसलेल्या इनक्युबेटरमध्ये ४५ ते ६० मिनिटे, प्रत्येक पेशीप्रकारासाठी पेशींची संख्या आणि एफसीसीपी दोन्ही आधी जुळवून. पामिटेट चाचणीला ०.५ मिलिमोलर कार्निटिन (मेदाम्ले मायटोकॉन्ड्रियात नेायला लागणारा रेणू) विसरू नका. आम्ल सुटण्याचा वेग म्हणजे ग्लायकोलिसिस असे थेट धरू नका, कारण श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइडही माध्यम आम्ल करतो. इटोमॉक्सिर ३ ते ५ मायक्रोमोलर सीपीटी१ (मेदाम्लांचे मायटोकॉन्ड्रियात शिरण्याचे दार) अडवायला पुरते. जुन्या प्रोटोकॉलमधल्या फार मोठ्या मात्रेला ते कॉम्प्लेक्स १ दाबते आणि मोकळा कोए संपवते, आणि सगळी घट मेदाम्लांच्या खात्यावर जमा होते. प्रौढ उंदराच्या कार्डिओमायोसाइट्स वापरत असाल तर लॅमिनिनवर वेलला १,५०० ते ३,०००, आणि एफसीसीपीने त्या आखडून सुटून येतात म्हणून आकुंचन थांबवणारे ब्लेबिस्टॅटिन द्या.

प्रवाह मोजायचा असेल तर

याला शरीराबाहेर पंप म्हणून काम करणारे हृदय (वर्किंग हार्ट) हवे. लँगेनडॉर्फ पद्धतीने (महाधमनीतून द्रावण सोडून, हृदयाला पंपाचे काम न देता) फक्त ११ मिलिमोलर ग्लुकोजवर चालवलेल्या हृदयाला मेदाम्ल निवडायची संधीच नसते, आणि मधुमेही हृदयाचा मुख्य दोष तिथे दिसणारच नाही. वर्किंग हार्टमध्ये क्रेब्स-हेन्सेलाइट हे क्षारांचे द्रावण, ३ टक्के मेदाम्लमुक्त बीएसए, कंट्रोल स्थितीला पामिटेट ०.४ मिलिमोलर आणि मधुमेही स्थितीला १.२, ग्लुकोज ५, इन्सुलिन मिलिलिटरला १०० मायक्रोयुनिट. बीएसए कॅल्शियम पकडतो, म्हणून द्रावण बफरविरुद्ध डायलाइझ करूनच वापरा. त्यात वायू थेट बुडबुड्यांनी सोडला तर फेस होतो, म्हणून पडद्याचा ऑक्सिजनेटर लावा. ट्रिशियमयुक्त पामिटेटपासून निघालेले पाणी आणि कार्बन-१४ ग्लुकोजपासून निघालेला कार्बन डायऑक्साइड यांतून प्रवाह मिळतो. कंट्रोल हृदय १.२वर आणि मधुमेही ०.४वर असेही चालवा. तेव्हाच कळते की बदल हृदयात मुरलेला आहे की फक्त रक्तातल्या मेदाम्लांचा आहे. हा चौकोन पुरा करणारे लेख कमी आहेत, आणि त्यातच नवीन काही सापडण्याची जागा आहे. ही यंत्रणा लॅबमध्ये नसेल तर स्वतः उभारत दोन वर्षे घालवू नका, ज्यांच्याकडे ती चालू आहे त्यांच्याबरोबर काम करा. श्वसनमापन मात्र स्वतःच्या हाताने यायलाच हवे.

फॉस्फोक्रिएटिनसाठी हृदय छाती उघडून, जागेवर धडधडत असतानाच, द्रव नायट्रोजनमध्ये गार केलेल्या वोलेनबर्गर चिमट्याने दाबून गोठवायचे. कापून, धुऊन, मग गोठवले तर त्या काही सेकंदांत फॉस्फोक्रिएटिन पडते आणि एएमपीके (ऊर्जा कमी पडल्याचे ओळखणारे एन्झाइम) जागे होते. नंतर ०.६ मोलर परक्लोरिक आम्लात निष्कर्ष, पोटॅशियम क्षाराने उदासीन, मग एचपीएलसीवर (रेणू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजणी. कंट्रोलमध्येच गुणोत्तर १च्या बरेच खाली आले तर तो आजार नसून हाताचा उशीर आहे.

अर्थ लावताना

मधुमेही हृदयात मेदाम्ले जास्त जळतात म्हणून ती अडवली की भले होईल, हा तर्क माणसांत सरळ उतरलेला नाही. इटोमॉक्सिरची हार्ट फेल्युअरमधली चाचणी यकृताची एन्झाइम्स वाढल्याने मधेच थांबली. ट्रायमेटाझिडिन या मेदाम्लांचे ज्वलन कमी करणाऱ्या औषधाची एटीपीसीआय चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. अँजिओप्लास्टी झालेल्या सुमारे ६,००० रुग्णांत तिच्यात फायदा दिसला नाही. उलट एसजीएलटी२ रोधकांनी (लघवीतून साखर घालवणाऱ्या औषधांनी) २०१५च्या एम्पा-रेग आणि २०१९च्या डापा-एचएफ या चाचण्यांत हृदयाला फायदा दिला. त्यांच्याबाबत कीटोन हे किफायतशीर इंधन असल्याची कल्पना मांडली गेली, पण फायद्याचे सगळे श्रेय तिला देण्याइतका पुरावा नाही. निकामी होत चाललेल्या, मधुमेह नसलेल्या हृदयात तर मेदाम्लांचे ज्वलन शेवटी घटते. त्यामुळे लेखात बिघाड झाला असे लिहिताना कोणत्या इंधनाचा, कोणत्या अवस्थेत, क्षमतेचा की प्रवाहाचा, हे प्रत्येक वेळी लिहा. शिवाय विश्रांतीतले हृदय कमाल क्षमतेच्या बरेच खाली चालते. क्षमतेतली २० टक्के घट डोब्युटामिन (हृदयाला जोरात काम करायला लावणारे औषध) दिल्यावर किंवा वेगाने पेस केल्यावरच जाणवू शकते, म्हणून एको विश्रांतीत आणि ताणाखाली असा दोनदा करा.

संख्येचा हिशेब आधी मांडा. एक हृदय म्हणजे एक नमुना. आठ हृदयांच्या तीन-तीन फेऱ्या म्हणजे २४ नव्हे, आठच. पेशींमध्येही वेगळ्या दिवशी वेगळ्या बॅचवर केलेला प्रयोग म्हणजे एक, वेल मोजायचे नाहीत. प्राण्या-प्राण्यातला चढउतार सरासरीच्या १५ टक्के असेल तर २० टक्के फरक ८० टक्के पॉवरने (खरा फरक हाती लागण्याच्या ८० टक्के शक्यतेने) पकडायला गटात १० उंदीर लागतात. चढउतार २० टक्के असेल तर १७. आणि ज्या हृदयातून मायटोकॉन्ड्रिया काढले ते गोठवायला उरत नाही, ज्याला वर्किंग हार्टवर टांगले त्याचे श्वसन मोजता येत नाही. तीन मापने म्हणजे उंदरांचे तीन वेगळे संच. नैतिक समितीकडे अर्ज करताना हे सगळे संच, दोन्ही लिंगे आणि स्ट्रेप्टोझोटोसिनमध्ये मरणारे किंवा मधुमेही न होणारे उंदीर धरूनच आकडा मागा, कारण अर्ध्या वाटेवर वाढवून मागितलेले उंदीर बहुतेक वेळा वेगळ्या बॅचचे, वेगळ्या वयाचे येतात आणि आधीच्या संचात मिसळता येत नाहीत.